आगबोटीची ओवी

सोमलिंग पांढरे यांनी ओवीतल्या सतरा चुका काढून ठेवल्या होत्या. फुलस्केप कागदावर, डावीकडे दोन बोटं समास सोडून, एकीखाली एक. कॉलेजच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं अक्षर. कुठं खाडाखोड नाही. पहिली चूक : रंगून लंकेच्या अलीकडं नाही. चौथी : जपानचा राजा घोड्यावर बसून लढायला आला नव्हता. नववी : त्या आगबोटीला चाकं नव्हती. सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांनी तो कागद वाचला आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"एवढ्या सगळ्या ईरप्पा भावजींना वाचून दाखवणार?" विजयमालाबाई दिवाणावरची चादर झटकत म्हणाल्या.

"चुका मी केल्या नाहीत. त्या आहेत."

"असतील की. पण सापडल्या म्हणून किती बरं वाटतंय तुम्हाला, ते तोंडावर दिसतंय."

पन्नास वर्षांच्या संसारात बाईंनी बरोबर ओळखलेल्या गोष्टींना सोमलिंगनी कधीच उत्तर दिलं नव्हतं.

त्यांचे वडील बिराप्पा पांढरे. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस. गावच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी त्यानं बघितलं नव्हतं. एकोणीसशे त्रेचाळीस साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो नौदलात भरती झाला. महायुद्धाला माणसं हवी होती आणि माळावर गवत नव्हतं. समुद्रात शत्रूनं पेरलेले सुरुंग काढून मागच्या जहाजांना वाट मोकळी करून देणारी एक जुनी, कोळशावर चालणारी बोट होती. तिच्या पोटात, भट्टीपाशी, तात्यांनी तीन वर्षं कोळसा ओढला. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. एकोणीसशे शेहेचाळीसला परत आले, डोक्याला पटका बांधला आणि पुन्हा मेंढरांमागं चालू लागले. झालं एवढंच.

एवढ्यावर सोमलिंगनी शेहेचाळीस पानं लिहिली होती. 'एका आगवाल्याची तीन वर्षे'. तळटीपा एकशे बारा. नौदलाचा दाखला, पुण्याच्या कचेरीतून मागवलेली पत्रं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या तारखा. दोन दिवाळी अंकांनी ते साभार परत केलं होतं, तिसऱ्यानं परतही केलं नव्हतं. दोष लिखाणातच असणार, असं सोमलिंगना मनातून वाटे. प्रत्येक वेळी परत आलं की ते आणखी दोन तळटीपा घालत.

आणि ईरप्पानं एक ओवी रचली होती.

ईरप्पा त्यांच्या चुलत्याचा, आण्णांचा मुलगा. सोमलिंगपेक्षा तीन वर्षांनी लहान. चौथीच्या पुढं शाळा नाही. पन्नास वर्षं झाली, दर वर्षी बिरोबाच्या जत्रेत तो झांज घेऊन उभा राही आणि आगबोटीची ओवी गाई. लोक सातारा, विजापूरहून ऐकायला येत. ओवीत एक जागा होती म्हणे, तिथं आल्यावर बाया पदर डोळ्यांना लावत. 'त्या जागेला' असंच सगळे म्हणत. "यंदा त्या जागेला म्हातारी सखू पार कोलमडली की," असं कुणीतरी लग्नात सांगे, आणि सोमलिंग पंक्तीतलं ताट तसंच टाकून हात धुवायला उठत. ती जागा त्यांनी कधी ऐकली नव्हती. ओवी रंगात येऊ लागली की ते देवळामागं जाऊन उभे राहत, चष्मा पुसत.

हेवा ही काही त्यांच्यासारख्या माणसाला शोभणारी गोष्ट नव्हे, हे त्यांना कळे. कळून कमी होत नसे. आठव्या वर्षी तात्यांनी त्यांना सोलापूरच्या बोर्डिंगात आणून सोडलं. "शाणा हो," म्हणाले आणि फाटकातूनच मागं फिरले. त्या दिवसापासून तात्यांच्या बाजूला चालायची जागा ईरप्पाची झाली. दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन निघायचं ते आषाढाच्या तोंडाला परतायचं; आठ महिने चुलता आणि पुतण्या, बरोबर बोलायला तिसरं कुणी नाही. तात्यांच्या समुद्राच्या सगळ्या गोष्टी त्या आठ-आठ महिन्यांत ईरप्पाच्या कानात गेल्या.

सोमलिंगनीही विचारलं होतं. नोकरी लागल्यावर त्यांनी बत्तीस प्रश्नांची यादी टाइप करून घेतली, सुट्टीत गावी जाऊन तात्यांसमोर मांडी घालून बसले आणि एकेक प्रश्न वाचला. बोटीची लांबी किती होती? भट्ट्या किती? भरतीच्या दिवशी काय झालं? तात्या टाइप केलेल्या कागदाकडं असे बघत, जसं काही तलाठी पंचनाम्याला आलाय. "व्हय." "न्हाय." "ध्यानात न्हाय." बत्तीस प्रश्न अर्ध्या तासात संपले. उठताना तात्या म्हणाले, "ईराप्पाला इचार. त्येला ठावं हाय."

ते वाक्य एखाद्या कुसळासारखं पन्नास वर्षं आत रुतून बसलं होतं.

आज मात्र पारडं फिरलं होतं. पांढऱ्यांच्या घराण्यात एक रीत आहे. घरातल्या माणसावर ओवी रचली, तर ती गाऊन झाल्यावर घराण्यातला सगळ्यात वडील माणूस गाणाऱ्याच्या कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावतो. लावला म्हणजे ओवी खरी. न लावता वडील उठून गेला, तर ती ओवी तिथंच संपली. पुन्हा कुणी गायची नाही. तात्या होते तोवर ते स्वतः लावत, त्यांच्यामागं आण्णांनी लावला. गेल्या साली आण्णा गेले. आता घराण्यात सगळ्यात वडील म्हणजे सोमलिंग. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली तेव्हा ते आण्णांच्या दहाव्याला नदीकाठी बसले होते, आणि त्यांना मनातल्या मनात जे वाटलं त्याची पुढं कितीतरी दिवस लाज वाटली.

बरोबर अकराला अनिलकुमार आला. विद्यापीठात लोककलांवर काम करणारा तिशीचा प्राध्यापक, पाठीवर पिशवी. आण्णा होते त्या शेवटच्या जत्रेत त्यानं निम्मी ओवी टिपून घेतली होती. पुढं त्याच्या यंत्रातली बॅटरी संपली. त्या निम्म्या ओवीची लिहून काढलेली प्रत त्यानं सोमलिंगना पाठवली होती. सतरा चुका तिच्यातल्याच. आज पुरी ओवी टिपायची आणि भंडाऱ्याचाही विधी टिपायचा, म्हणून ही बैठक सोलापुरात, सोमलिंगच्या हॉलमध्ये.

"सर, तुमचं हस्तलिखितही वाचलं," पिशवी उघडता उघडता अनिलकुमार म्हणाला.

सोमलिंग पुढं झुकले. "मग?"

"फार उपयोगी आहे. ओवीला परिशिष्ट म्हणून जोडता येईल."

परिशिष्ट. सोमलिंग 'बरं' म्हणाले आणि खिशातला कागद चाचपून बघितला.

मागोमाग ईरप्पा आला. सांगोल्याच्या एसटीनं, खांद्यावर घोंगडं, बरोबर झील धरायला सिद्धराम. हा त्यांच्याच भावकीतला. चपला दारात काढून ईरप्पा वाकला, सोमलिंगच्या पायाला हात लावला.

"दादा, वाळलास लई."

"वय झालं."

"वय मला बी झालं की. तू वाचून वाचून वाळतोस." मग स्वयंपाकघराकडं तोंड करून, "वैनी, ह्येला वाचायला देत जाऊ नगा, खायाला देत जावा."

आतून विजयमालाबाईंचं हसू ऐकू आलं. आपल्या बोलण्यावर त्या असं शेवटचं कधी हसल्या होत्या, ते सोमलिंगना आठवेना. ईरप्पा घरात पाऊल टाकतो आणि दोन मिनिटांत घर त्याचं होतं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं.

भंडाऱ्याची पितळी वाटी त्यांनी उचलून हातात घेतली. अनिलकुमारनं ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र टीपॉयवर ठेवलं. त्याचा लाल दिवा लागला. ईरप्पानं डोळे मिटले, सिद्धरामनं झांज धरली आणि सुंबरान सुरू झालं. सुंबरान म्हणजे आठवण, स्मरण. आधी देवाचं, मग जागेचं, मग ज्याची ओवी त्याचं.

आवाज पिकला होता, पण फाटला नव्हता. त्या चौकोनी हॉलमध्ये तो मावेना. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

मिठाच्या पाण्याचं रान गा, त्याला बांध न्हाई, बोर न्हाई
मागं जहाजांचं खांड गा, म्होरं बिराप्पाची आगबोट हाई

सोमलिंग मनात आकडे घालत होते. तिसरी चूक गेली. पाचवी आली. मेंढरांच्या कळपाला खांड म्हणतात. जहाजांच्या ताफ्याला खांड म्हणणं ही सहावी. आता मात्र, कुणाला सांगायची सोय नव्हती, पण ते त्यांना ऐकायला बरं वाटलं. सुरुंग काढणारी बोट पुढं आणि जहाजं तिच्या मागं हे समजवायला त्यांना दोन पानं आणि पाच तळटीपा लागल्या होत्या.

मधेच ईरप्पा गाणं थांबवून साध्या बोलण्यात कथा सांगे, मग पुन्हा ओवी उचली. भट्टी आली. कोळसा आला. तात्यांचं खारं पाणी पिऊन आजारी पडणं आलं. जत्रेत बॅटरी संपली ती जागा मागं पडली. आता इथून पुढचं सोमलिंगनी कधीच ऐकलेलं नव्हतं आणि देवळामागं जायला इथं देऊळ नव्हतं.

ईरप्पानं आवाज खाली आणला. सिद्धरामची झांज थांबली.

फुटली वाफंची नळी गा, जशी नागीण फुसकारली
आईच्या हातची घोंगडी बिराप्पानं पाण्यात भिजवली
गुंडाळली नळीला गा, जशी थंडीत कोकरावर झाकली

हीच ती जागा. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. अनिलकुमारची मान खाली गेली होती.

सोमलिंगच्या हातातली वाटी मात्र हातातच राहिली. त्यांना हे वाक्य माहीत होतं. थंडीत कोकरू झाकतात तशी. हे त्यांचं वाक्य होतं.

दहा वर्षांचे होते ते. बोर्डिंगातल्या पोरांनी विचारलं, तुझा बाप लढाईत काय करायचा? ह्यांनी खरं सांगितलं, कोळसा घालायचा. पुढं सहा महिने पोरं त्यांना कोळश्या म्हणत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आले ते ती लाज पोटात घेऊन, आणि चिंचेखाली मेंढरं बसलेली असताना सात वर्षांच्या ईरप्पाला त्यांनी ही गोष्ट सांगितली. वाफेची नळी, घोंगडी, वाचलेली बोट. सगळी रचलेली. ईरप्पा आ वासून ऐकत राहिला, तेव्हा त्यांनी ते कोकराचं शेवटी जोडलं. पुढं मोठेपणी ते सगळं विसरूनही गेले. तळटीप नसलेली एकही गोष्ट लिहायची नाही, असं ठरवलेला माणूस तो.

म्हणजे पन्नास वर्षं ज्या जागेच्या नावानं त्यांच्या पोटात दुखत होतं, ती जागा त्यांनीच ईरप्पाच्या हातात दिली होती. आणि लोक रडले ईरप्पासाठी.

ओवी संपली. ईरप्पानं घाम पुसला आणि कपाळ पुढं करून बसला. अनिलकुमार हळू आवाजात म्हणाला, "सर, हा घोंगडीचा प्रसंग तुमच्या हस्तलिखितात नाही. भंडारा लावताना दोन शब्द बोललात तर बरं."

"नाही, कारण तो घडलेला नाही," सोमलिंग म्हणाले. स्वतःच्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं. "तो मी रचला. दहा वर्षांचा असताना. ह्याला मीच सांगितला."

सिद्धरामनं झांज खाली ठेवली. सोमलिंगना कळत होतं, ह्या एका वाक्यात त्यांनी ओवी मोडली आणि तिच्यातला सगळ्यात चांगला तुकडा आपल्या नावावर करूनही घेतला. दोन्ही त्यांना हवंच होतं. ते ईरप्पाचा चेहरा पडायची वाट बघू लागले.

ईरप्पाचा चेहरा पडला नाही. "तूच सांगितलास की," तो म्हणाला. "चिंचंखाली. मला ठावं हाय."

"ठाऊक होतं? मग तात्यांच्या नावावर गातोस?"

"तात्याला इचारून गातो. ओवी बांधली तवा पयल्यांदा त्येलाच ऐकवली. जतच्या रानात व्हतो आमी."

"काय म्हणाले?"

ईरप्पानं सिद्धरामकडं, मग अनिलकुमारकडं बघितलं. सांगावं की नाही, असा. "म्हणला, घोंगडी कुटली गा बोटीवर. ती तर भरतीच्या दिशीच मुंबैला दारात काढून घेतली त्येंनी. उवा आस्तील म्हणून जाळली म्हणं, समोर. आईनं इणलेली. पटका बी जाळला. तात्या म्हणला, लढाईत रडलो न्हाय, त्या दिशी रडलो. मग म्हणला, पर तू गा. सोमानं सांगितलंय तसंच गा. त्येच्यात घोंगडी वाचतीया."

दुसऱ्या कुणाला ह्यात गोडवा दिसला असता. सोमलिंगना आधी दिसला तो भरतीचा दिवस. बत्तिसातला तिसरा प्रश्न. भरतीच्या दिवशी काय झालं? ध्यानात न्हाय. त्यांच्या शेहेचाळीस पानांत त्या दिवसाची एक ओळ होती, तारीख आणि ठिकाण. खोटं तर ईरप्पाकडं होतंच, ते तो गात होता. खरंही त्याच्याकडंच होतं, आणि ते तो इतकी वर्षं सहज खिशात घालून फिरत होता, जसं तंबाखूची डबी. तात्यांनी मुलाची थाप पुतण्याच्या तोंडून दर वर्षी ऐकली, दर वर्षी भंडारा लावला, आणि मुलाला एका शब्दानं कळू दिलं नाही. जत्रेत भंडारा लावताना ते कधी देवळामागं नजर टाकत असतील का, असा विचार सोमलिंगच्या मनात येऊन गेला. त्यानं बरं वाटायच्या ऐवजी आणखीच जळलं. ती नजरसुद्धा गाणाऱ्याला दिसली असणार, त्यांना नाही.

"दादा," ईरप्पा म्हणाला, "लावायचा आसंल तर लाव. न्हाय लावलास तरी माझी ना न्हाय. वडील तू हायस. आजपासनं बंद."

तो खरंच बंद करील, हे सोमलिंगना माहीत होतं. त्यात ईरप्पाचा रुसवा नव्हता, रीत होती. वाटी हातात होती. उठून आत जायचं, एवढंच करायचं होतं. मग आगबोटीची गोष्ट म्हणून एकच कागद उरला असता. शेहेचाळीस पानं, एकशे बारा तळटीपा. कुणी रडलं नसतं त्यावर.

"घोंगडी जाळल्याचं," ते म्हणाले, "आणखी कुणाला सांगितलंयस?"

"न्हाय."

"मुलांना? नातवंडांना?"

"न्हाय गा. कोण इचारतंय?"

"मग सांगायचं नाही." सोमलिंग भराभरा बोलू लागले, जणू मधे कुणी अडवील. "ओवीत घालायचं नाही. गावात बोलायचं नाही. ते माझ्या वहीत राहील. ओवी तुझी; ते माझं. कबूल असेल तर लावतो."

विजयमालाबाई दारातून "अहो" एवढंच म्हणाल्या. शरमेनं सोमलिंगचे कान तापले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि बापाच्या एका रडण्यासाठी पोरासारखा वाटणी मागतोय. पण मागणी त्यांनी परत घेतली नाही.

ईरप्पानं त्यांच्याकडं बघितलं. "घे की," तो म्हणाला. "तुझाच बा."

"सर," अनिलकुमार चाचरत म्हणाला, "यंत्र चालूच होतं. हे सगळं टिपलं गेलंय. अभ्यासाच्या दृष्टीनं हाच भाग खरा मोलाचा आहे."

"ओवी संपल्यापासूनचं पुसून टाका."

"पण मग नोंदीत घोंगडीचा प्रसंग खरा म्हणून जाईल. तुम्हीच तर चुका..."

"पुसा," सोमलिंग म्हणाले. ग्रंथालयात चाळीस वर्षं ते कुणाशी ह्या सुरात बोलले नव्हते. अनिलकुमारनं यंत्र उचललं, दोनदा बटण दाबलं, त्यांना पडदा दाखवला. सोमलिंगनी चष्मा वर करून नीट वाचला. ओवीच्या शेवटच्या शब्दापर्यंतचं राहिलं होतं, पुढचं काही नव्हतं. मग अनिलकुमारनं पुन्हा लाल दिवा लावला.

सोमलिंगनी चिमूट भरून भंडारा घेतला. रीतीप्रमाणं वडिलानं बोलायचं असतं. तात्या बोलत, आण्णा बोलत. सतरा चुकांचा कागद खिशात होता. अठरावी त्यांची स्वतःची होती, सगळ्यांत मोठी, आणि आता तिला त्यांचीच साक्ष लागणार होती.

"ओवी खरी," ते यंत्राकडं न बघता म्हणाले, आणि भंडारा ईरप्पाच्या कपाळाला लावला. अंगठा त्यांनी जरा जास्तच दाबला. ईरप्पाची मान किंचित मागं गेली, पण त्यानं डोळे उघडले नाहीत.

मग ते आत गेले, कपाटातून हस्तलिखित काढलं आणि विसरायच्या आत लिहायला बसले. बाहेर विजयमालाबाई ईरप्पाला वाढत होत्या; तो काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. सोमलिंगनी लेखणी थांबवून कान दिला. घोंगडीचं नव्हतं, कुठल्याशा बोकडाचं होतं. खात्री झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.